कागदावरची कुमुद

हे मी नर्सिंग होमच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून लिहितो आहे. सकाळची गोळी अंगात भिनली की साधारण दीड तास माझी बोटं माझं ऐकतात. त्यानंतर ती त्यांच्या मर्जीची मालक. त्या दीड तासात एका बोटाने जेवढं टंकता येईल तेवढं टंकतो. मजकुराने मध्येच उडी मारली असं वाटलं, तर दोष पार्किन्सनला द्यावा, मला नाही.

का लिहितो तेही सांगतो. आमच्या पिढीची सिंगापूरमधली मराठी माणसं आता सत्तरीला टेकली. नोकरीसाठी आलो, पीआर म्हणजे कायमचे रहिवासी झालो, मग नागरिक झालो. एचडीबीचे, म्हणजे सरकारी गृहमंडळाचे, फ्लॅट घेतले, मुलं इथली झाली. म्हातारपणही इथेच काढायचं हे आपोआप ठरलं, पण ते कसं काढायचं याबद्दल कोणी बोलत नाही. नवराबायकोपैकी एकाला सरकारी मदतीवरच्या नर्सिंग होममध्ये जावं लागलं तर घरी राहिलेल्याच्या हातात काय उरतं, हा विषय गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना निघत नाही. मी काढतो. बँकेत छत्तीस वर्षं काढूनही मी माझ्या बायकोला जवळजवळ उघड्यावर टाकलं होतं, तेव्हा तेवढा हक्क मला आहे.

सही

आजाराची पहिली बातमी मला डॉक्टरने नाही, बँकेने दिली. मी दिलेला चेक परत आला. कारण, सही जुळत नाही.

आमच्या बँकेच्या तांजोंग पगारच्या ऑफिसात याच कारणासाठी मी लोकांचे किती चेक परत पाठवले असतील याची गणती नाही. पण आपल्यावर आली की वेगळं वाटतं. मी तणतणत घराजवळच्या, हौगांगच्या शाखेत गेलो आणि तिथल्या मुलीसमोर तीनदा सही केली. पहिली लहान, दुसरी त्याहून लहान, तिसरी तर भिंग लावून वाचावी अशी. घरी येऊन बायकोला दाखवली तर ती म्हणाली, मुंग्यांची रांग दिसतेय. मग तिनेच आठवण करून दिली की आदल्या आठवड्यात फोडणी करपून घरभर धूर झाला होता आणि मी शेजारच्या खोलीत बसून, काय छान वास येतोय, असं म्हणालो होतो. वास मला आलाच नव्हता. तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो होतो.

आधी पॉलिक्लिनिक, म्हणजे इथला सरकारी दवाखाना, तिथून मोठं हॉस्पिटल. मेंदूच्या डॉक्टरने मला कॉरिडॉरमधून चालायला लावलं, अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, एक वाक्य लिहायला लावलं. मग शांतपणे आजाराचं नाव सांगितलं. वर म्हणाला, हा आजार माणसाला लगेच नेत नाही, माणूस त्याच्याबरोबर म्हातारा होतो. बायकोने विचारलं, यांना भात चालेल ना? तिला विचारायचं दुसरंच काहीतरी होतं. पण ते तोंडातून निघेना, म्हणून भात निघाला.

येताना आम्ही हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बसलो. कोपी, म्हणजे इथली कॉफी, विकणाऱ्या अंकलला तिने माझा कप अर्धाच भरायला सांगितलं आणि पैसे पूर्ण दिले.

पडलो तो तिच्यावर

पुढची सहा वर्षं मी तक्रार करावी अशी नव्हती. गोळ्या, व्यायाम, मोठमोठ्याने वाचन, संध्याकाळी तलावाकाठी काठी टेकत फेरी. हळूहळू काठीची चार पायांची चौकट झाली आणि चौकटीची चाकाची खुर्ची. डोकंही मधूनच हट्टी शाळकरी पोरासारखं वागायला लागलं. शब्द सापडायचे नाहीत, किंवा सापडायचे ते भलतेच.

मग एक दिवस बाथरूममध्ये माझा तोल गेला. मी पडलो तो बायकोवर. मी अठ्ठ्याहत्तर किलोचा. ती अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेली. तिचं मनगट मोडलं. मला खरचटलंसुद्धा नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

आमची मुलगी सई मरीन परेडला कॉन्डोत राहते. नवरा, दोन मुलं, दोघांच्या नोकऱ्या. ती लगेच म्हणाली, दोघंही आमच्याकडे या. मी नाही म्हणालो. तिथे जाऊन मी नव्या बाथरूममध्ये पडलो असतो, एवढाच काय तो फरक. मी नर्सिंग होममध्ये जाईन असं मीच सांगून टाकलं. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, प्लास्टरमधला हात सांभाळत चहा ठेवताना म्हणाली, लोक म्हणतील नवऱ्याला टाकला. मी म्हणालो, त्या लोकांना सांग, रोज सकाळी येऊन मला उचला. यावर ती हसली आणि हसताहसता रडली. तिथे निर्णय झाला.

फुकटचे सल्ले

बातमी फुटताच फोन सुरू झाले. एकाने सांगितलं, सरकार तुमचा फ्लॅट घेणार. दुसऱ्याने सांगितलं, सगळं लगेच मुलीच्या नावावर करा. माझा जुना मित्र दिवाकर याने तर कमाल केली. तो म्हणाला, कागदोपत्री घटस्फोट घे, म्हणजे वहिनींच्या वाटणीला कोणी हात लावणार नाही. मी हे बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, चव्वेचाळीस वर्षांनी सुटका होतेय, आणि तीही फक्त कागदावर?

शेवटी हॉस्पिटलच्या सोशल वर्करने, सिती नावाच्या शांत बाईने, आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. फ्लॅट कोणी घेत नाही. आमच्यासारख्या कमाई थांबलेल्या घराला किती मदत मिळायची ते घराच्या वार्षिक मूल्यावरून, म्हणजे ते भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल त्यावरून, ठरतं. बँकेतल्या ठेवी कोणी मोजायला येत नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात तिने विचारलं, मदत वजा जाऊन जी रक्कम दर महिन्याला उरेल, ती वर्षानुवर्षं भरणार कोण?

मी म्हणालो, माझ्या खात्यातून जाईल.

ती म्हणाली, आणि तुमचं डोकं चालेनासं झालं तर?

बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची असा नियम असतो. आमच्या घरी नोंद करणारा मी आणि तपासणाराही मीच. सगळं माझ्या नावावर, माझ्या पासवर्डवर. बायकोला घरखर्चाचं कार्ड दिलं की आपण उदार झालो अशी माझी समजूत. सितीने सांगितलं की माणसाची समज गेली आणि त्याने आधी कोणाला अधिकार दिलेला नसेल, तर बँक त्याची खाती गोठवू शकते, जोडखातं असलं तरी. मग बायकोला कोर्टात अर्ज करून परवानगी मिळवावी लागते. त्यात महिने जातात, वकिलाचे पैसे जातात, आणि नर्सिंग होमचं बिल तर चालूच असतं.

यावर उपाय म्हणजे एक अधिकारपत्र. आपल्याला कळेनासं झालं तर आपले व्यवहार कोणी बघायचे, हे आपण शहाणे असतानाच लिहून ठेवायचं. एक नेमलेला डॉक्टर आपल्याशी बोलतो, आपल्याला सगळं समजतंय याची खात्री करतो आणि मगच सही करतो. सिती म्हणाली, अंकल, पुढच्या वर्षी नको, याच महिन्यात करा. माझ्या फाइलमधले मेमरी टेस्टचे आकडे तिने पाहिले होते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं

ते डॉक्टर तान, चाळिशीचे, बारीक चष्म्यातले, बोलायला गोड. बायकोला आणि सईला त्यांनी बाहेर बसवलं, म्हणजे माझ्यावर कोणाचा दबाव नको. मला विचारलं, हा कागद कशाचा आहे? मी खडाखडा सांगितलं. असे कागद समजावून सांगण्यात माझा जन्म गेला. डॉक्टर खूश झाले.

"तुम्ही कोणाला नेमताय?"

"माझ्या पत्नीला."

"त्यांचं नाव?"

"अनघा."

डॉक्टरांनी कागद पाहिला. मग मला पाहिलं. पुन्हा एकदा सांगा म्हणाले. मी पुन्हा अनघा म्हणालो, जरा मोठ्याने.

"मग कुमुद कोण?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला आठवेना. गोळीचा अंमल उतरत आला होता, तोंड कोरडं पडलं होतं, आणि कुमुद नावाची एकही बाई माझ्या डोळ्यांसमोर येईना. अर्धं मिनिट गेलं असेल. मग एकदम उजेड पडला आणि मी म्हणालो, तीच ती, दोघी एकच आहेत.

"कोण दोघी?" असं म्हणून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आता मराठी वाचकाला हे समजावायची गरज नाही, पण डॉक्टर तान यांना समजावणं भाग होतं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती. आडनाव तर बदलतंच, पण पहिलं नावही. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. माझ्या बायकोचं माहेरचं नाव कुमुद. आमच्याकडे कुमुद नावाची एक काकू आधीपासून होती, तेव्हा घोटाळा नको म्हणून माझ्या आत्याने अनघा हे नाव काढलं आणि मी ते तांदळात लिहिलं. ते पुढे सरकारी गॅझेटमध्ये छापून घ्यायचं असतं. बाबा म्हणाले, करू सावकाश. सावकाश म्हणता म्हणता सिंगापूर आलं, घाईघाईने पासपोर्ट काढला तो शाळेच्या दाखल्यावरून, आणि त्यावर पुन्हा कुमुद अवतरली. इथल्या ओळखपत्रावरही तीच, म्हणून या कागदावरही. घरात, मराठी मंडळात, सगळ्या नातलगांत मात्र अनघा.

मी हे इंग्रजीत जितकं सांगत गेलो तितकं ते मला विचित्र ऐकू येत गेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, हे नाव त्यांनी मागितलं होतं का? मी म्हणालो, नाही. त्यांना विचारलं होतं का? नाही. त्या स्वतः स्वतःला काय म्हणतात?

मला माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, मिस्टर विद्याधर, मला तुमचं खरं वाटतंय, पण तुम्ही पत्नीचं नाव कागदापेक्षा वेगळं सांगितलंत आणि कागदावरची बाई तुम्हाला अर्धं मिनिट ओळखता आली नाही. तुम्ही बँकेत होतात. माझ्या जागी तुम्ही असतात तर सही केली असतीत?

मी म्हणालो, नसती केली.

त्यांनी मेमरी क्लिनिकच्या तज्ज्ञाला पत्र दिलं. तज्ज्ञाने तपासून लिहून दिलं तरच सही. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची.

तीन आठवडे

टॅक्सीत सई रागावली होती, म्हणजे घाबरली होती; अशा वेळी तिच्या वाक्याच्या शेपटीला इथल्या लोकांचं लाह लागतं. "बाबा, हाऊ कॅन यू फर्गेट आईचं नाव, लाह?" अनघा मात्र आधी खो खो हसली. मग हौगांग येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

त्या तीन आठवड्यांत मी जितका घाबरलो तितका आजाराचं नाव ऐकूनही घाबरलो नव्हतो. तज्ज्ञ म्हणाला असता की या गृहस्थाला आता समजत नाही, तर दार बंद. माझ्या चुकीपायी बायकोने मोडक्या मनगटाने कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या. लोकांना मी तो नावांचा गमतीचा किस्सा म्हणून सांगत होतो. पण आत एकच धडकी होती, की मला खरंच आठवलं नव्हतं.

म्हणून मी सराव सुरू केला. कुमुद, पाणी दे. कुमुद, पंखा लाव. ती ओ द्यायचीच नाही. रागाने नव्हे, आपल्याला हाक मारलीय हे तिलाच कळायचं नाही. दोन दिवसांनी म्हणाली, अहो, मला घरात कोणी पाहुणी आल्यासारखं वाटतंय.

सईने तेवढ्यात सगळी कपाटं उपसली. आणि तिथे जे सापडलं त्याने माझी उरलीसुरली मिजास उतरली. पुण्याच्या सहकारी बँकेतलं खातं आणि ठेवी अनघाच्या नावावर, कारण तेव्हा एका ओळखीच्या माणसाच्या सहीवर खातं उघडायचं. ते एक वेळ समजू शकतो. पण इथली माझी सर्वांत मोठी विमा पॉलिसी, ती माझ्यामागे बायकोला मिळावी म्हणून मी स्वतः, माझ्या हाताने, माझ्या तेव्हाच्या ठसठशीत अक्षरात भरलेली. वारसाच्या रकान्यात अनघा. ओळखपत्राचा नंबर नाही. गिऱ्हाइकाने असा फॉर्म आणला असता तर मी तो त्याच्या तोंडावर परत केला असता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सई म्हणाली, "बाबा, पेपरवर ही अनघा एक्झिस्टच करत नाही. तुम्ही सगळं कोणाला दिलंय?"

एका दुपारी अनघा माझी आखडलेली बोटं तेल लावून चोळत होती. तिचं प्लास्टर निघालं होतं, पण पकड अजून कच्ची होती. एका दुखऱ्या हाताने दुसरा दुखरा हात चोळायचा असा तो कार्यक्रम. मी तिला म्हणालो, डॉक्टरांनी मला विचारलं, तू स्वतःला काय म्हणतेस.

"स्वतःला कोण हाक मारतं?" ती म्हणाली. मग बराच वेळ माझी करंगळी चोळत राहिली. "दुखलं-खुपलं की कुमुद. बाकी सगळा वेळ अनघा. बाथरूममध्ये तुम्ही अंगावर पडलात ना, तेव्हा कुमुद."

"तुला आवडलं होतं का गं ते नाव?"

"आता विचारताय?" तिने तेलाची वाटी बाजूला सरकवली. "आवडलं असतं. आधी विचारलं असतंत तर."

मी तिची माफी मागितली. चव्वेचाळीस वर्षांत मी तिची माफी अनेकदा मागितली आहे, भाजी विसरलो म्हणून, मंडळाच्या मीटिंगला उशीर झाला म्हणून. ही वेगळी होती, आणि तिलाही ते कळलं. म्हणाली, राहू दे आता, जिभेला वळण पडलंय ते मोडू नका. तुम्ही अनघाच म्हणा. सह्या कुमुद करेल.

आणि तिने केल्या. वकिलाकडे जाऊन शपथपत्र केलं, की मी कुमुद, मलाच अनघा म्हणून ओळखतात, आणि दोघी एकच. पुरावा म्हणून पुण्याच्या बँकेचं जुनं पासबुक, त्यावर तिचा दोन वेण्यांतला फोटो. वकीलबाई फोटोकडे बघतच राहिल्या. विम्याचा फॉर्म तिने नवा भरला, ओळखपत्राच्या नंबरासकट. मी फक्त सही केली. पुण्याच्या बँकेचं मात्र अजून चालू आहे. तिथले साहेब म्हणतात, मॅडमना समक्ष घेऊन या.

वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं. जेवण झालं की उठा, कपाट उघडा आणि बायकोचं नाव कुठल्या कागदावर काय आहे ते बघा. तुम्ही तिला ज्या नावाने हाक मारता ते नाव कायद्याला माहीत असेलच असं नाही. आणि ज्या बायका हे वाचताहेत त्यांनी नवऱ्याची वाट न बघता उठावं.

दुसऱ्यांदा

मेमरी क्लिनिकमधल्या बाईंनी मला घड्याळ काढायला लावलं. काटे माझ्या हातातून सुटून बारा वाजवून बसले. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातले तीन राहिले. पण मग त्या पैशांबद्दल बोलल्या, घराबद्दल, सईबद्दल, आणि मला नर्सिंग होममध्ये का जायचंय याबद्दल. शेवटी त्यांनी लिहून दिलं की स्मरण कमी होतंय, पण हा निर्णय या गृहस्थांना पुरता समजतो. ते पत्र मी चार वेळा वाचलं. पहिला भाग वाचून वाईट वाटलं, दुसरा वाचून बरं वाटलं, आणि हे चारही वेळा झालं.

डॉक्टर तान यांनी या वेळी आधी नावच विचारलं.

"कुमुद," मी म्हणालो. "अनघा ती माझ्यापुरती."

मग त्यांनी विचारलं, त्यांनी पैशांबद्दल तुम्हाला न आवडणारा निर्णय घेतला तर? मी सांगितलं, डॉक्टर, माझे कितीतरी निर्णय तिला आवडले नव्हते, तरी ती निभावून नेत आली. आता माझी पाळी. डॉक्टर हसले आणि त्यांनी सही केली. बाहेर अनघा बाकावर बसली होती, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून. झालं म्हणालो तर तिने आधी पर्स सोडली.

अंकल अहो

इथे येऊन मला पाच महिने झाले. येतानाच पैशांचा सगळा व्यवहार मी अनघाच्या हाती दिला. सहा खाटांची खोली, साडेसहाला अंघोळ, साडेसातला नाश्ता. शाकाहारी जेवण मिळतं. त्याला चव असते असं मी म्हणणार नाही, पण कढत असतं. शेजारच्या खाटेवर गोह नावाचे नव्वदीचे गृहस्थ आहेत. आमची भाषा एक नाही. त्यांना खोकला आला की मी बेल दाबतो, माझा हात अडकला की ते दाबतात. मैत्रीला याहून जास्त काय लागतं ते मला आता आठवत नाही.

अनघा रोज चार वाजता बसने येते. मला अहो म्हणूनच हाक मारते, त्यामुळे थिन नावाची आमची बर्मी नर्स समजली की अहो हेच माझं नाव. आता सगळा मजला मला अंकल अहो म्हणतो. मी दुरुस्त केलं नाही. न विचारता बदललेलं नाव माणूस कसं वागवतो, ते मलाही जरा कळू दे.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले, हेही लिहिलं पाहिजे. ती जायला उठली की मी लहान मुलासारखा काहीतरी काम काढायचो. उशी सरळ कर, पाणी दे, चष्मा पूस. ती सगळं करायची आणि मग जायचीच. लिफ्टपर्यंत तिची पावलं ऐकू यायची. एक पाय ठाम, दुसरा जरा ओढत.

गेल्या मंगळवारी ती चारला आली आणि नेहमीसारखी डबा उघडायला लागली नाही. खुर्ची माझ्याजवळ ओढून बसली.

"माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय," म्हणाली. "उजव्याचं. पुढच्या गुरुवारी."

छत्तीस वर्षांची सवय कुठे जाते? मी लगेच सुरू केलं. कुठल्या वर्गाची खोली घेतलीस? किती भरायचे? दुसऱ्या हॉस्पिटलात विचारलंस का? जरा थांबून घेतलं असतंस तर...

"पैसे भरलेत मी. सगळं बघून भरलेत. तुमच्या इथल्या पुढच्या बिलांना धक्का न लावता." तिने माझा थरथरता हात तिच्या हाताखाली दाबून धरला. "मी विचारायला नाही आले, सांगायला आले. आणि हे पण सांगायचंय, की सहा आठवडे मला यायला जमणार नाही. सई येईल रविवारी."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. सहा आठवडे म्हणजे त्याची दीड पानं. हे सगळं केलं ते याचसाठी ना, की तिच्या हातात पैसा असावा, तो तिने स्वतःवर खर्च करावा आणि मला विचारायची तिला गरज पडू नये? तसंच झालं होतं. मला फार आनंद झाला आणि रडूही आलं. दोन्ही एकाच वेळी आलं आणि दोन्ही खरं होतं. तिने पदराने माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

जरा वेळाने, काहीतरी उपयोगाचं बोलावं म्हणून मी म्हणालो, भूल द्यायच्या आधी नर्स येऊन तुझं नाव विचारेल. मनगटावरच्या पट्टीशी पडताळून बघतात. तिथे चुकून अनघा सांगशील.

"मला माझं नाव माहीत आहे हो," ती म्हणाली.